विस्तवापासून लांब

भोर-वेल्ह्याच्या डोंगरात मला नावाने कुणी ओळखत नाही. "हवेचे मिस्त्री आले," असं म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, मला सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरणारा समजतात की काय. पण धंद्याचं वर्णन म्हणून ते चुकीचं नाही. ज्यांच्या छातीला हवा पुरत नाही त्यांच्या घरी ऑक्सिजनचं मशीन बसवायचं, ते चालू ठेवायचं आणि माणूस गेला की मशीन परत आणायचं, हे माझं काम होतं. यंदा गुडघ्यांनी राजीनामा दिला, म्हणून मीही दिला.

मूळचा मी फ्रिजवाला. भोरच्या बाजारात फ्रिज आणि कूलर दुरुस्त करायचो. कोरोनाच्या लाटेत आमच्याकडच्या एका धर्मादाय दवाखान्याला लोकांनी ऑक्सिजनची मशीनं देणगी दिली. लाट ओसरली आणि मशीनं धूळ खात पडली. तिथे आठवड्यातून एकदा पुण्याहून छातीच्या डॉक्टर मॅडम येतात. त्यांनी ठरवलं, ही मशीनं फुप्फुसाच्या जुनाट आजारवाल्यांना घरी वापरायला द्यायची. मशीनच्या पोटात कॉम्प्रेसर असतो आणि कॉम्प्रेसरशी बोलणारा माणूस जवळपास मीच. बायको जाऊन थोडेच दिवस झाले होते. दुकानात बसून रस्त्याकडे बघत राहण्यापेक्षा फिरतं काम बरं, म्हणून मी हो म्हटलं.

आजाराचं नाव सीओपीडी. लोक सरसकट दमा म्हणतात, पण दमा येतो आणि जातो, हा येतो तो मुक्कामालाच. आमच्याकडे तो विडीने होतो, कारखान्यातल्या धुळीने होतो आणि बायकांना चुलीच्या धुराने होतो. पूर्ण बरा होत नाही, आवरून धरता येतो. त्याला पहिलं औषध म्हणजे तोंडात धरून ओढायचा पंप. एक रोजचा, त्रास असो वा नसो, आणि एक अडीअडचणीचा. लोकांचा ठाम समज असा की पंप म्हणजे शेवटची पायरी, एकदा लागला की सुटत नाही. म्हणून रोजचा पंप फडताळात जपून ठेवायचे आणि जीव कासावीस झाला की बाहेर काढायचे. त्यातही तो जिभेवर मारणारे, गालात मारणारे. एक आजोबा तर अत्तर लावल्यासारखा मिशीवर मारायचे. त्यासाठी मॅडम पंपाला जोडायचं प्लास्टिकचं नळकांडं देतात. औषध आधी त्यात साठतं, मग सावकाश ओढता येतं. पंपानंतर चूळ भरायची, मॅडम सांगतील त्या लशी घ्यायच्या, विडी सोडायची, धूर सोडायचा. कुणाकुणावर पुण्यात फुप्फुसाचा निकामी भाग काढायची शस्त्रक्रियाही होते म्हणतात. आमच्या डोंगरातून त्यासाठी गेलेला माणूस मी पाहिला नाही.

आणि एक मोठा गुणकारी उपाय, तो म्हणजे चालणं. ज्याला उंबरा ओलांडला तरी धाप लागते त्याला चाला म्हणून सांगायचं, हे मला आधी चेष्टा केल्यासारखं वाटे. मॅडमनी समजावलं, की बसून राहिलं की पायातलं बळ जातं आणि बळ गेलेले पाय जास्त हवा मागतात.

ऑक्सिजनचं मशीन सगळ्यांना देत नाहीत. ज्यांच्या रक्तात तो कायमच कमी भरतो त्यांनाच, आणि मग दिवसाचे बरेच तास, झोपेतसुद्धा. मशीन खोलीतलीच हवा आत घेतं, त्यातला नायट्रोजन बाजूला काढतं आणि उरलेला ऑक्सिजन बारीक नळीने नाकाशी आणून देतं. त्यात काही भरायचं नसतं. हे कुणालाही पटत नाही. "ह्यो संपला की कुठं भरून मिळतो?" असं मला घरोघरी विचारलं आहे. वीज मात्र सतत लागते. वीज गेली की मशीन टाहो फोडतं, आणि मग शेजारी ठेवलेल्या सिलिंडरवर काम भागवायचं.

भोंगवलीच्या एका आबांकडून निरोप आला, मशीन तापतंय. जाऊन पाहिलं तर सुनेने मशीनला फुलाफुलांचा झकास अभ्रा शिवून घातलेला, खालपर्यंत. नवी वस्तू उघडी कशी ठेवायची? मशीन बिचारं स्वतःच गुदमरत होतं. मी अभ्रा काढला तर आबा म्हणाले, "पावनं आलं की तरी घालू का?" वरवे बुद्रुकला एक जण कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांची अर्धी मिशी गायब. मी विचारलं तर म्हणाले, न्हाव्याने बिघडवली. न्हावी कशाला बिघडवेल? नाकात नळी असताना विडी पेटवली होती. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण पेटलेल्याला चेव आणतो. नशीब थोर म्हणून मिशीवर निभावलं. मी त्यांना इतका बोललो की त्यांच्या बायकोने मला चहा दोनदा दिला.

म्हणून मशीन बसवलं की मी एकच नियम घोकून घ्यायचो. मशीन आणि नळी विस्तवापासून लांब. विडी, चूल, गॅस, देवापुढचा दिवा, सगळ्यापासून लांब. नियम अगदी बरोबर आहे, आजही मी तोच सांगेन. त्या नियमाची एक हकीकत मात्र मी कधी कुणाला सांगितली नाही, ती इथे सांगतो.

हिर्डोशीच्या वर, वरंध घाटाच्या अंगाला, गाडीरस्ता सोडून चढून गेलं की एक वाडी लागते. वाडीच्या खालच्या अंगाला थोडी नांदती घरं आहेत. वरच्या अंगाला बहुतेक घरांना कुलपं. तिथे दोनच घरांत माणूस होतं. एका घरात चांगुणामावशी, आणि त्यांच्या मागच्या चढावर, भाताची खाचरं ओलांडून, दुसऱ्या घरात पारूबाई. दोघी एकाच साली लग्न होऊन वाडीत आलेल्या, दोघींचे नवरे गेलेले, दोघींची मुलं पुण्याकडे कामाला. मावशींच्या फुप्फुसांची चुलीने पार वाट लावली होती. ओठ निळसर, पायांवर सूज. खालच्या वाडीतली पुतण्याची सून सकाळी येऊन पाणी भरून, कोरड्यास-कालवण करून जायची. बाकी दिवस त्या एकट्या.

भाताची कापणी उरकली होती तेव्हा आम्ही मशीन वर नेलं, बांबूला बांधून दोघांनी खांद्यावर. विजेचं बटण पुढच्या सोप्यात एकच. चूल आतल्या खोलीत, पण मधली भिंत छपरापर्यंत गेलेली नव्हती, त्यामुळे धूर सगळ्या घराचा. मी सांगितलं, घरात चूल पेटवायची नाही. गॅसची शेगडी मागच्या पडवीत नेली. स्वयंपाक तिथे, तोही नळी काढून, मशीन बंद करून.

मावशींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "चूल कायमचीच इझवायची?"

"कायमचीच, मावशी."

"मग पारूनं बसायचं कुठं?"

मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, "बसू द्या की इथं खाटेवर. जागा काय कमी आहे?" त्यांनी मान हलवली आणि मी एसटी गाठायला उतरलो.

मशीनच्या पाठीला स्पंजचा एक फिल्टर असतो, हवेतली धूळ अडवायला. थंडीत पुन्हा गेलो आणि फिल्टर काढला तर तो काळाकुट्ट. हात लावला तर बोटं काजळीने भरली. मी मावशींसमोर धरला. "चूल पेटते."

"न्हाई बा. गॅसवरच करती म्या."

"मावशी, मी फ्रिजवाला असलो तरी काजळी ओळखतो."

त्यांनी फिल्टर माझ्या हातून घेतला. मग म्हणाल्या, "सांजच्याला येवढी थोडी. मशीन बंद करती, नळी काढून ठिवती. पारू येती ना."

तेव्हा मला त्या दोघींची रीत समजली. दिवस कलला की पारूबाई हातात एक लाकूड आणि परातीत आपलं पीठ घेऊन खाली यायच्या. वरच्या अंगाला ही जुनी पद्धत. दोन घरांत दोन चुली कशाला जाळायच्या, जिच्या चुलीपाशी बसायचं तिथे जाताना आपलं लाकूड न्यायचं. मावशी भाकरी थापायच्या, पारूबाई जाळ सारायच्या. दोघींच्या भाकरी एका तव्यावर. नवरे गेल्यापासून ती दोघींची चूल एकच होती.

मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. मॅडमचा हुकूम स्पष्ट होता, ज्या घरात विस्तव आहे तिथे मशीन ठेवायचं नाही, उचलून आणायचं. आणि आणलं असतं तर मावशी पुढची थंडी बघणार नाहीत, हेही मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलेलं. हृदयावर ताण आला होता. शिवाय नुसती आगीची भीती नव्हती, तो धूरच त्यांचं विष होतं. मी हे सगळं त्यांना तोंडावर सांगितलं. सौम्य भाषा मला जमत नाही.

"मशीन नेऊ नगा," मावशी म्हणाल्या. "आज सांगते तिला."

पुढच्या खेपेला फिल्टर स्वच्छ निघाला. पायांची सूज उतरली होती, ओठांवर रंग आला होता. मी अगदी खुशीत, काम फत्ते झालं म्हणून. मावशी खाटेवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. मशीनचा धुक-धुक आवाज आणि त्याला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीतले बुडबुडे, एवढंच घरात. घरी परतल्यावर माझ्या खोलीत जशी शांतता असते तशीच ती होती, फक्त आवाज असलेली.

"पारूबाई येतात ना?" मी विचारलं.

"न्हाई येत आता."

झालं होतं ते असं. त्या संध्याकाळी पारूबाई लाकूड घेऊन आल्या. मावशी उंबऱ्यातूनच म्हणाल्या, चूल बंद केली, लाकूड माघारी घिऊन जा. त्यांना एवढंच म्हणायचं होतं की जळण वाया घालवू नको. पण आणलेलं लाकूड दारातून परत पाठवणं म्हणजे आता तुझा-माझा विस्तव वेगळा, असं त्या लोकांत धरतात. भावकीत वाटण्या होऊन वाकडं येतं तेव्हा असं करतात. माझ्या नियमाच्या धाकाने मावशींच्या ते ध्यानातच आलं नाही. पारूबाई लाकूड घेऊन वर गेल्या.

मी चढून पारूबाईंकडे गेलो. धिप्पाड बाई, गुडघ्यांनी बेजार, तोंडाने तिखट. मी मशीनबद्दल, धुराबद्दल, मॅडमच्या हुकमाबद्दल सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं.

"कळतंय मला. मी काय येडी न्हाई. चूल नगं तर नगं."

"मग जा की खाली. मशीनपाशी बसा. त्याने काही होत नाही."

"बसून करू काय?" त्या म्हणाल्या. "मिस्त्री, चुलीपाशी बोलावं लागत न्हाई. तिचं हात पिठात, माजं जाळात. तासभर गप बसलं तरी कुणाला कळत न्हाई गप हाय म्हून. मशिनीपाशी बसलं की आजाऱ्याला भेटाया गेल्यावानी वाटतं. ती माझ्या त्वांडाकडं बगणार, मी तिच्या. तिला दम न्हाई बोलायला, मला सुचत न्हाई. आन् लाकूड माघारी आलं ते आलंच. आता तिनं आणलं तर बगू."

मी खाली येऊन मावशींना हे जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, चिडतील. त्या म्हणाल्या, "बराबर हाय तिचं. म्या जाईन. लाकूड घिऊन जाईन."

घरातून अंगणात आल्या तरी त्यांना खांब धरावा लागे, आणि वर तर चढ होता. मी म्हटलं, "तिथंही चूल आहे, मावशी. धुरात बसायचं नाही."

"अंगणात बसन. ती आतून बोलंल."

त्यांना डोलीत घालून खाली आणलं आणि मॅडमना दाखवलं. मॅडमनी बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून दवाखान्याच्या व्हरांड्यात चालवून पाहिलं आणि म्हणाल्या, सावकाश, थांबत थांबत, चिमट्यावरचा आकडा बघत चालायला हरकत नाही, उलट चालायलाच हवं. संध्याकाळचा थोडा वेळ नळीशिवाय चालेल, रात्रभर मात्र लावायची. लाकडाचं मी मॅडमना सांगितलं नाही. ते डॉक्टरी भाषेत कसं सांगायचं मला कळेना.

चालताना श्वास कसा सोडायचा हे मी सगळ्या बायकांना एकाच शब्दात शिकवतो, फुंकणी. ओठांचा चंबू करायचा आणि फुंकणीतून जाळ फुलवतो तसा श्वास हळूहळू बाहेर सोडायचा. पुरुषांना हे शिकवायला आठवडा लागतो, बायकांना लगेच जमतं. ज्या कामाने आजार दिला त्याच कामाची सवय उपयोगी पडते, याचा मला कायम विषाद वाटत आला आहे. मावशींना तर सांगावंच लागलं नाही. मी ओठांचा चंबू केला आणि त्या हसल्या. मशीन बसवल्यापासून त्या पहिल्यांदा हसलेल्या मी पाहिल्या.

महिन्याला एक खेप असताना मी आठवड्याला एक करू लागलो. हिर्डोशीकडचं काम जास्त आहे म्हणून दवाखान्यात सांगायचो. खरं म्हणजे मलाही भोरच्या खोलीत संध्याकाळ काढण्यापेक्षा ते बरं वाटे. मी नसताना मावशी एकट्याच सराव करायच्या. आधी अंगणाच्या कडेपर्यंत, मग पहिल्या खाचराचा बांध, मग उंबराचं खोड. प्रत्येक ठिकाणी बसायचं, फुंकर सोडायची, आकडा बघायचा, पुन्हा उठायचं. वरून पारूबाई बांधावर येऊन उभ्या राहायच्या. हाक मारायच्या नाहीत, पण मावशी माघारी वळेपर्यंत आतही जायच्या नाहीत.

एकदा मी म्हटलं, "त्या बघतायत वरून. बोलवू का खाली? अर्ध्या वाटेवर भेटा की."

"नगं," मावशी म्हणाल्या. "दारातनं धाडलंया, दारात न्यायला पायजे."

शिमगा झाला तेव्हा उंबराच्या बरंच वर त्या पोचल्या होत्या. उरली होती ती शेवटची चढण. आणि राब भाजायचे दिवस आले. आमच्याकडे भाताची रोपं टाकायच्या आधी त्या जागेवर पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जाळतात. त्या दिवसांत सगळ्या खोऱ्यावर धूर बसून असतो. मावशींना खोकला सुरू झाला, चिमट्यावरचा आकडा उतरला. मॅडमनी फोनवर सांगितलं, बाहेर पडणं बंद, दारं-खिडक्या लावून मशीनवर राहायचं. मीच त्यांच्या दाराच्या फटीत फडकी कोंबली.

"थोडं दिवस," मी म्हटलं. "धूर गेला की एका दमात वर."

"एका दमात कुठलं," त्या म्हणाल्या. "पर जाईन."

खोरं निवळलं त्या आठवड्यात मी गेलो तर मावशी लुगडं नीटनेटकं नेसून तयार होत्या. दाराशी ऐनाचं एक वाळकं लाकूड काढून ठेवलेलं. जड नव्हतं, पण मी धरतो म्हटलं तर दिलं नाही. आम्ही निघालो. किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. बसत, थांबत, फुंकत त्या चढल्या. शेवटच्या चढणीवर त्यांनी माझ्या खांद्यावर एक हात ठेवला, दुसऱ्या हातात लाकूड. बांधावर पारूबाई दिसल्या नाहीत. मला वाटलं, आतून बघत असतील, मुद्दाम बाहेर येत नसतील. तशाच होत्या त्या.

अंगणात पोचलो तर दाराला कुलूप.

मावशींनी लाकूड बाजूला ठेवलं. पायरीवर बसल्या आणि श्वास जागेवर आणत राहिल्या. पलीकडे खालच्या वाडीतला एक जण गुरं घेऊन चालला होता. मी हाक मारून विचारलं.

"पारूआक्का व्हय? काल सांजच्याला न्हेलं की पोरानं. पावसाळ्यात हितं एकटी नगं म्हनला, दरडी पडत्यात. टेम्पो घिऊन आल्ता खाली." मग मावशींकडे बघून म्हणाला, "चांगुणाकाकू, तुमच्या दाराशी लई येळ हुबी व्हती की ती. हाका मारत व्हती. दार लावल्यालं, आत मशीन सुरू. निजला असाल म्हनली आन् गेली."

मी त्या दाराच्या फटीत स्वतः फडकी कोंबली होती. धूर आत येऊ नये म्हणून बरोबरच होतं ते, पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा कोंबीन.

उतरायची वेळ झाली. मी लाकडाकडे हात केला. मावशींनी ते माझ्याआधी उचललं आणि पारूबाईंच्या दाराशी, भिंतीला लावून ठेवलं. "माघारी न्यायचं नसतं," म्हणाल्या.

मी पारूबाईंच्या मुलाचा नंबर मिळवला. तो धनकवडीला राहतो, चांगला मुलगा आहे, आईची काळजी घेतो. पुढच्या खेपेला मावशींच्या खाटेवर बसून फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"पारू," मावशी म्हणाल्या.

"चांगुणे. बोल की."

"आल्ते म्या. लाकूड ठिवलंय दाराशी."

पलीकडून गाड्यांचा आवाज येत होता. मग पारूबाई म्हणाल्या, "किती चढलीस गं. मरशील की अशानं."

"न्हाई मरत."

मग दोघी गप्प झाल्या. मावशी डोळे मिटून, मोबाईल मांडीवर धरून बसल्या. मी त्यांचा चेहरा बघत होतो. इतक्या महिन्यांत तो चेहरा इतका निवांत मी पाहिला नव्हता. चुलीपाशी त्या अशाच बसत असणार. तेवढ्यात पलीकडून मुलाचा आवाज आला, "हॅलो? हॅलो? रेंज गेली वाटतं," आणि फोन बंद झाला. मी पुन्हा लावू का विचारलं. मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. फोनवर गप बसता येत न्हाई."

त्यानंतर मला वाटलं होतं, चालणं सुटेल आणि माणूस खाटेला चिकटेल. बरेच जण तसेच जातात. पण मावशी रोज दुपार कलली की निघायच्या, पावसात उघडीप बघून, हातात एक लाकूड घेऊन. पारूबाईंच्या पायरीवर बसायच्या आणि अंधार पडायच्या आत उतरायच्या. मी असलो तर मीही बसायचो. आम्ही बोलत नसू. एकदा मी काहीतरी विषय काढायला गेलो तर त्या म्हणाल्या, "मिस्त्री, बसा की गुमान." मी गुमान बसलो. बायको गेल्यापासून मी कुणाजवळ असा बसलो नव्हतो, आणि मला बरं वाटलं, आणि मग भोरला परतताना एसटीत फार एकटं वाटलं.

दिवाळीच्या आधी मी त्यांना तपासणीला आणलं. अख्ख्या पावसाळ्यात त्यांना एकदाही दाखल व्हावं लागलं नव्हतं. मॅडमनी व्हरांड्यात चालायला लावलं. जिथे गेल्या खेपेला त्या पहिल्या खांबापाशीच टेकल्या होत्या, तिथे या वेळी टोकापर्यंत जाऊन सावकाश परत आल्या. व्हरांड्यातले इतर पेशंट बघत होते. मॅडम मनापासून खूश झाल्या, आणि का होऊ नये, इतका चांगला गुण आलेला पेशंट माझ्या सगळ्या कामात दुसरा नाही.

"रोज चालता ना, मावशी?"

"व्हय."

"कुठपर्यंत जाता?"

"पारूच्या दारापत्तूर."

"पारू कोण, मैत्रीण?"

"व्हय."

"आणि लगेच उतरता, की बसता जरा?"

"बसते की. सांज हुस्तवर बसते."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "बघा, औषधाइतकीच सोबत लागते माणसाला. तुमच्या सगळ्या पेशंटना हे उदाहरण सांगत जा."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. कुलपाचा शब्द माझ्या तोंडाशी आला होता.

"सांगतो, मॅडम," मी म्हटलं.